एकोणतीस कुठे असतो? लहान मुलांच्या गणिती खेळण्यांची पारख

बटण दाबलं की ‘वन, टू, थ्री’ गाणारी खेळणी आधीच बाजूला काढू. त्यांत गाणं आहे, दिवे आहेत, गणित नाही. तीन म्हणजे किती हे त्यावर कुठेच दिसत नाही, हाताला लागत नाही. चुकीचं बटण दाबलं तरी खेळणं तितक्याच उत्साहाने गातं. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणं निवडताना कसोट्या दोन. उत्तर बरोबर की चूक हे मुलाला मोठ्यांच्या तोंडाकडे न बघता समोरच्या वस्तूवरून कळतं का? आणि त्या वस्तूवर बोट ठेवून मराठीत मोजता येतं का? दुसऱ्या कसोटीचा भाषाभिमानाशी काही संबंध नाही. आपले आकडे बोलायला अवघड आहेत, एवढंच.

एकोणतीस घ्या. सहा वर्षांच्या मुलाला त्यात ‘तीस’ ऐकू येतो आणि लिहायचा असतो २९, ज्यात तीन औषधालाही नाही. त्रेसष्टमध्ये तीन आधी बोलायचे, साठ मग. लिहायचं मात्र उलटं. ३६ आणि ६३ ची अदलाबदल मुलांच्या वह्यांत सर्रास दिसते ती यामुळेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या वादात बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी आहे. इंग्रजी छापलेल्या खोक्यातल्या खेळण्याला तिचा पत्ताच नसतो.

यावर सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे गणितमाळ. शंभर मणी, दहा-दहाचे गट, एकाआड एक दोन रंग. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत ती भिंतीवर टांगलेली दिसते. दिल्लीची ‘जोडो ज्ञान’ ही संस्था तयार माळ बनवते. माळेवर एकोणतीस दाखवायचा तर कपडे वाळत घालायचा चिमटा २९व्या मण्यानंतर दोरीला लावायचा. आता नीट बघा: दहा लाल, दहा पांढरे, मग पुन्हा लालांचा गट, आणि त्यातला एकच लाल मणी चिमट्याच्या पलीकडे एकटा उरलेला. तिसाला एक कमी. ‘एकोण’ म्हणजे ‘एक ऊन’ (ऊन म्हणजे कमी) हे समजावायला जेवढी वाफ दवडावी लागते ती सगळी तो एक मणी वाचवतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच उरलेला मणी दिसत राहतो. ९९ ला मात्र आपण नियम मोडून ‘नव्याण्णव’ म्हणतो, आणि ‘एकोणशंभर का नाही?’ हा प्रश्न तिथे यायलाच हवा. आला तर माळेचे पैसे वसूल.

तयार माळ घेतली की आधी मणी मोजा, गटागटाने. एखाद्या गटात नऊच मणी असले तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो आणि चूक मुलाच्या माथी बसते. दोरी ताणली जाणारी नको. मण्यांमध्ये थोडी मोकळी जागा हवी, पण बेताचीच: जागाच नसेल तर चिमटा आत जात नाही, जास्त असेल तर माळ मध्ये झोळीसारखी लोंबते आणि सगळे मणी खोलगटात गोळा होतात. घरी करायची तर १२ मिलिमीटरचे १०० मणी घ्या. ओळीने ते १२० सेंटिमीटर भरतात. वर १२ ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा आणि दोन्ही टोकांना गाठीपुरती दोरी धरली की पावणेदोन मीटर नायलॉनची दोरी पुरते. टोकं काडेपेटीच्या काडीने जराशी वितळवून घ्या, नाहीतर ओवताना धागे फिसकटतात. खिळे मुलाच्या छातीच्या उंचीवर, दोन्ही अगदी एका पातळीत. माळ पलंगाजवळ किंवा पाळण्याजवळ सुटी लोंबू देऊ नका. एवढी लांब दोरी गळ्याभोवती जाऊ शकते.

माळ वापरताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आकड्याचं कार्ड मण्यावर टांगणं. कार्ड मण्यानंतरच्या फटीत हवं, कारण ३४ हे चौतिसाव्या मण्याचं नाव नव्हे, इथपर्यंत किती झाले त्याची ती खूण आहे. कार्ड मण्यावर आलं की ३४ अधिक ३ करताना मूल ‘चौतीस, पस्तीस, छत्तीस’ म्हणून थांबतं, कारण सुरुवातीचा मणीही त्याने मोजलेला असतो. कार्ड फटीत असलं की पुढचा पहिला मणी आपसूक पस्तिसावा होतो. पहिलीपर्यंत एवढं पुरे. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं पहिलीचं लक्ष्यही ९९ पर्यंतच्या संख्यांचंच आहे. दुसरीत उड्या सुरू करा: ३४ अधिक २८. चिमटा ३४ वर. दहाची उडी, ४४. अजून एक, ५४. उरले आठ, त्यातले सहा टाकले की ६० चा काठ, वर दोन, ६२. कागदावर हातचा धरण्याआधी महिनाभर हे झालं तर ‘हातचा कुठून आला’ हे वेगळं शिकवावं लागत नाही.

माळेला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे लिहिणं. तिथे एकावर एक बसणारी अंककार्डं लागतात: एककाची नऊ, दशकाची नऊ, हवी तर शतकाची नऊ. कोऱ्या जाड पुठ्ठ्यातून घरी छान होतात, फक्त मापात चूक नको. एका अंकाला ४ सेंटिमीटर रुंदी, म्हणजे एककाचं कार्ड ४, दशकाचं ८, शतकाचं १२, आणि प्रत्येक अंक आपापल्या चार सेंटिमीटरच्या मधोमध. बाजारातल्या काही संचांत ‘६०’ हा अख्खा आकडा कार्डाच्या मध्यावर छापलेला असतो. मग वर ठेवलेलं ‘३’ शून्याला पुरतं झाकत नाही, शून्याची एक कड डोकावते आणि मूल त्याला ६०३ वाचतं. कार्डं बरोबर असतील तर त्रेसष्टचा उलटा प्रवास हाताने होतो. ‘त्रे’ ऐकलं, ३ उचलला. ‘सष्ट’ ऐकलं, ६० उचललं. साठ खाली, त्याच्या उजव्या टोकावर तीन. बोलण्याचा क्रम कानाला, लिहिण्याचा क्रम डोळ्याला, भांडण मिटलं.

दशकाच्या ठोकळ्यांबद्दल बरंच बोलावं लागेल, कारण शाळा आणि पालक दोघंही त्यावर सर्वात जास्त पैसे घालतात. एक सेंटिमीटरचा सुटा घन, दहांची कांडी, शंभराची लादी आणि हजाराचा मोठा ठोकळा. बाजारात सर्रास मिळणारा संच १२१ नगांचा: १०० सुटे, १० कांड्या, १० लाद्या, हजाराचा १ ठोकळा. दिसायला ऐटबाज, वाटणी मात्र चुकलेली. ६८ अधिक ५७ मांडा. सहा आणि पाच, अकरा कांड्या लागल्या, संचात दहाच. सुट्यांच्या बदल्यात मिळणारी कांडी आणखी निराळी. म्हणजे दोन अंकी बेरजेला हा संच एका मुलालाही पुरत नाही, आणि दहापैकी सात-आठ लाद्या वर्षभर डब्याच्या तळाशी पडून राहतात. सुट्या कांड्या वेगळ्या मिळत असतील तर आणखी वीस घ्या, लाद्या चार पुरेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कांडी तुटत नाही. ४२ मधून ७ काढताना मुलाला ती मोडता येत नाही, ‘बँकेत’ देऊन दहा सुटे घ्यावे लागतात. मोठ्यांना हे एकच वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ती कांडी म्हणजे दहा नसून एक लांब वस्तू वाटते. म्हणून आधी आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. दहा काड्यांचा गठ्ठा त्याने स्वतः बांधलेला असतो, रबर काढलं की त्याच काड्या सुट्या होतात, कुठे बदलून आणाव्या लागत नाहीत. काड्या सव्वाशे तरी ठेवा. रबरबँड उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, थोडे जास्तीचे हवेत. दोन-तीन महिने गठ्ठे झाले की मग ठोकळे. मधली पायरी हवी असेल तर एकमेकांत अडकणारे २ सेंटिमीटरचे घन चांगले: दहा जोडले की कांडी, ओढले की सुटे. दुकानात दहांची कांडी करून एका टोकाला धरून आडवी करा. वाकून गळून पडली तर पकड ढिली. आणि जोड इतका घट्ट की तुम्हालाच जोर लावावा लागला, तर चार वर्षांचं मूल ते दाताने ओढणार.

रंगीत पट्ट्यांचं वेगळंच. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांनी त्या बनवल्या आणि १९५२ साली त्यावर पुस्तिका काढली. पांढरी १ सेंटिमीटर, लाल २, फिकी हिरवी ३, जांभळी ४, पिवळी ५, गडद हिरवी ६, काळी ७, तपकिरी ८, निळी ९, नारिंगी १०. त्यांच्यावर आकडा नसतो, आणि नसावाच. मूल ‘काळीला फिकी हिरवी जोडली की नारिंगी’ असं आधी हाताने ओळखतं, ७ आणि ३ ची जोडी नंतर त्यावर बसते. काही कंपन्या पट्ट्यांवर आकडे छापतात आणि मूळ कल्पनेचाच जीव घेतात. घेताना दहा पांढऱ्या ओळीने लावून शेजारी नारिंगी ठेवा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक दिसला तर संच परत करा, कारण इथे लांबी हाच पुरावा. नकली संचांत रंगांचा क्रमही बदललेला असतो; दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एका डब्यात घातले की दोन्ही वाया.

आता ती आपली मण्यांची पाटी, दहा तारा आणि शंभर मणी. घरोघरी असते आणि बहुतेकदा चुकीची असते. एका तारेवरचे दहाही मणी एकाच रंगाचे. माणसाच्या डोळ्याला न मोजता तीन, फार तर चार वस्तू ओळखता येतात. सात मणी सरकवले की मूल पुन्हा एक-एक मोजतं, आणि पाटी दोन वर्षं वापरूनही बोटाने मोजतच राहतं. नेदरलँड्समध्ये यावर साधा तोडगा निघाला: प्रत्येक तारेवर पाच लाल, पाच पांढरे. सात म्हणजे सगळे लाल आणि वर दोन, नजरेत भरतात. घरच्या पाटीवर हे अर्ध्या तासात होतं. प्रत्येक तारेवरच्या उजवीकडच्या पाच मण्यांना पक्क्या शाईच्या मार्करने पट्टा काढा (तोंडात घालण्याचं वय उलटलेलं असेल तरच). तार बारीक असेल तर वाकते आणि मणी मध्येच अडकतात. पाटी किंचित तिरकी केली की मणी सरकले पाहिजेत, धाडकन आपटले नाही पाहिजेत.

आकड्यांचा तराजू पाच वर्षांनंतर. दोन्ही बाजूंना १ ते १० च्या खुंट्या आणि सारख्या वजनाचे टॅग. डावीकडे ३ आणि ४ वर एकेक टॅग, उजवीकडे ७ वर एक, दांडी आडवी. ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा नसून ‘दोन्हीकडे सारखं’ असा आहे, हे इतकं स्वच्छ दुसरं कुठलंच खेळणं दाखवत नाही. डावीकडे ६ वर दोन टॅग आणि उजवीकडे ३ वर चार लावले तरी तोल राहतो. गुणाकार तिथून सुरू होतो. तक्रार एवढीच की रिकामा असतानाच तो एका बाजूला झुकलेला असेल तर सगळं खोटं बोलतो. मध्यावर तोल साधायची चकती किंवा स्क्रू असेल तोच घ्या, आणि पाटावर नको, सपाट फरशीवर ठेवा. भातुकलीतला तराजू जड-हलकं ओळखायला ठीक, आकड्यांसाठी नाही.

लाकडी अंककोड्यांत, म्हणजे ५ च्या खाचेत ५ बसवायचा, गणित जवळजवळ शून्य. तुकडा बसतो तो आकारामुळे. डोळे मिटूनही बसेल. घरात असलंच तर तुकडे बाहेर काढून नुसत्या जमिनीवर क्रमाने लावायला द्या.

पटावरच्या खेळांत सापशिडीचं नाव पहिलं निघतं, आणि चार वर्षांच्या मुलासाठी ती चुकीची निवड आहे. ओळी नागमोडी जातात, १० नंतर ११ वर चढून उलट दिशेला. मूल हमखास पुन्हा डाव्या टोकापासून सुरू करतं. शिवाय ४ च्या डोक्यावर १४ नसून १७ असतो, त्यामुळे ‘दहा वाढले की एककाचा अंक तोच’ हा शंभराच्या तक्त्यातला नेम इथे दिसतच नाही. त्याआधी एका सरळ पट्टीवर १ ते १० घरं आखा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर असाच पट वापरला. १५-२० मिनिटांचे मोजके डाव खेळूनही मुलांची संख्यांची जाण सुधारली; आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्यांची नाही. खुबी एका नियमात होती. ५ वर असताना दोन पडले तर ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘सहा, सात’ म्हणायचं. सापशिडीलाही हाच नियम लावा. फासा घेताना समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ येते का बघा, आणि ‘सहा पडल्याशिवाय सोंगटी निघणार नाही’ हा नियम लहानांसाठी सरळ रद्द करा. दहा वेळा फासा टाकून जागेवरच बसणं हे गणितही नाही आणि खेळही नाही.

फाशापेक्षा कवड्या सरस. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके, कुठे अष्टचंग म्हणतात, कुठे चंफुल. नाव आणि बारीकसारीक नियम गावागणिक बदलतात. जितक्या उताण्या तितकी घरं, चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. फाशावर ठिपके आयते छापलेले असतात; इथे तीन उताण्या आणि एक पालथी अशी चारची फोड प्रत्येक वेळी नव्याने समोर पडते. बाहेरची १६ घरं एका दिशेने, आतली ८ उलट दिशेने, मग मधलं घर, एकूण २५. सात-आठ वर्षांच्या मुलांना पडलेल्या दानांच्या रेघा मारायला लावा. उताणं-पालथं समसमान पडलं असतं तर १६ पैकी ६ वेळा दोन आणि एकेकदाच चार व आठ आले असते. चिंचोके तसे समसमान पडत नाहीत, आणि तुमचे कसे पडतात हे शंभर दानांनंतर वहीत दिसतं.

आकारांसाठी चुंबकी फरशांचा गाजावाजा आहे. चांगल्या असतात, पण त्याच्या शतांश खर्चात रांगोळीचा ठिपक्यांचा कागद मिळतो. ‘सात ते चार’ म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, वरखाली सहा, पाच, चार. एकूण किती? एक-एक मोजू द्या, मग मधली ओळ सोडून वरचा भाग आणि खालचा भाग सारखाच आहे हे दिसू द्या: १५ आणि १५, मध्ये ७, झाले ३७. इथे पंक्ती एकाआड एक सरकतात, म्हणून षट्कोन सहज निघतो आणि चौरस काढायला गेलं की फसतो. तो फसू द्यावा.

सुरक्षिततेचं थोडक्यात. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर ते दिसलं नाही म्हणून दचकू नका. ओलं पांढरं फडकं घासून रंग निघतो का तेवढं बघा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारी वस्तू नको. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याहून साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद धरा. म्हणजे गणितमाळेचे मणी, सुटे घन, कवड्या, चिंचोके सगळं या वयाला वर्ज्य. निखळलेलं चुंबक किंवा गोल बटणसेल पोटात गेला तर वाट बघायची नसते, थेट दवाखाना.

पैसे घालायचा क्रम विचाराल तर काड्या, माळ, अंककार्डं, मग पट्ट्या, तराजू शक्य असेल तर, ठोकळे शाळेत असतील तर घरी नकोतच.

आणि यातलं काहीच न घेता आज संध्याकाळी खेळायचं असेल तर पत्त्यांचा कॅट काढा. गुलाम, राणी, राजा आणि दश्श्या बाजूला. उरतात ३६ पाने. सगळी उताणी पसरून दहाच्या जोड्या लावायच्या: एक्क्याला नव्वी, दुर्रीला अठ्ठी, पंजीला पंजी. चूक झाली नाही तर बरोबर १८ जोड्या होऊन पट रिकामा होतो. झाली तर शेवटी नको ती दोन पानं समोरासमोर येतात आणि मूल स्वतःच मागे जाऊन शोधतं. चार-पाच दिवसांनी एक पान गुपचूप खिशात टाकून डाव मांडा. शेवटी एकटी सत्ती उरली की खिशात कुठलं पान आहे ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.